टेकू

डुगडुगतं ते घ्यायचं नाही,
एवढंच ठरवून मी कायानीच्या बसमध्ये बसले.
एकतीस वर्षं पत्रं वाटल्याची पेन्शन,
तिच्यातून बाजूला काढलेले साठ युरो
पाकिटात, दातांच्या डॉक्टरच्या चिठ्ठीला चिकटून.

राउनोने आधी ओतीव लोखंडाचं स्टँड काढलं.
दोन्ही हातांनी, कण्हत.
"अडीचशे. हे जागचं हलणार नाही."
किंमत ऐकून मीही हलले नाही.

मग प्लॅस्टिकचं, पस्तीसचं, नारिंगी चिठ्ठीचं.
रायफल टेकायच्या खोबणीत मी माझा कॉफीचा कप ठेवला
आणि काउंटरवर एक टिचकी मारली.
कॉफीत वर्तुळं.
बराच वेळ वर्तुळं.
"असं कुणी बघत नाही, हिल्क्का," राउनो म्हणाला.
बघत नाहीत, म्हणून तर खपतं.

घडीचे दोन पायही होते, नळीखाली लटकणारे.
ते जंगलात पळणाऱ्यांना.
मला बसायचंय.
पन्नास मीटरवरच्या कागदासमोर
एका जागी, बूड टेकून.

शेवटी मिळालं ते लेंपीच्या गोदामात.
एव्हर्ट गेल्यापासून ती एकेक कोपरा उपसते आहे:
मासे धरायची जाळी, तीन रेडिओ,
आणि बर्फ फोडायच्या पहारीमागे ही तिवई.
चार पायांचं टेबल रुसतं, एक पाय वर धरून बसतं,
त्याखाली कागदाच्या घड्या सारा.
तिवईचं तसं नसतं.
तीन पायांना जमीन कशीही चालते.
एका पायाचा स्क्रू हरवलेला;
तिथे मी स्नोस्कूटरचा बोल्ट पिळला. बसला.
चाळीस युरो, आणि पिवळ्या दलदली बोरांच्या मुरंब्याची बरणी.
बरणी परत हवी, असं लेंपीने दोनदा सांगितलं.

मागची पिशवी विकत घ्यायची नाही, शिवायची.
पोस्टाच्या जुन्या पँटचा डावा पाय कापला,
वर दोन कान शिवले सशासारखे,
दस्ता बरोबर त्या कानांमध्ये बसतो.
आत काय भरावं?
तांदूळ भरला तर उंदीर येतात (आले होते).
प्लॅस्टिकचे मणी हलके, कुरकुरतात.
वाळू. पण ओली नको.
तळं गोठायच्या आदल्या आठवड्यात दोन बादल्या आणल्या,
चाळल्या, साउनाच्या गरम फळीवर पसरल्या,
आणि रात्रभर वाळूला घाम येऊ दिला.

एप्रिल. रेंजच्या कडेला अजून मळका बर्फ.
तिवईवर रायफलचा लाकडी पुढा टेकवला.
लाकूडच, नळी नाही;
नळी कशाला टेकली की गोळी रागावते.
डाव्या मुठीत सशाची मान.
किंचित आवळली, फुली उतरली.
किंचित सोडली, फुली चढली.
इतकं सोपं असतं हे, कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग दुर्बिणीत काहीतरी उडू लागलं.
बारीक. ठेक्यात.
आधी बोल्टवर संशय घेतला.
तो घट्ट. टेबल काँक्रीटचं. वाळू मुकी.
गालाखाली, लाकडाला लागून,
माझंच रक्त ये-जा करत होतं.

आजवर बरं होतं.
टेबल डुगडुगायचं, पिशवी घसरायची,
स्टँड भिकार होतं,
आणि मी चांगली नेमबाज होते.

दोन ठोक्यांच्या मधे एक रिकामी जागा असते,
पत्र टाकायच्या फटीएवढी.
तिच्यातून चार गोळ्या टाकल्या.
चौघींचं मिळून एकच भोक, नखाएवढं.
पाचवी बाहेर. डावीकडे, वर. बोटभर दूर.

शेजारच्या टेबलावरून ऐलीने मान वळवली:
"वारा?"

मी रेंजच्या झेंड्याकडे बघितलं.
ओल्या फडक्यासारखा काठीला चिकटला होता.

"बघते," म्हटलं,
आणि पिशवी उचलून पुन्हा ठेवली.
ती अगदी नीट ठेवलेली होती.